चार भावंडांचे चार टायर

२ ऑक्टोबर

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर आलं म्हणून दचकू नकोस, काम आहे. आमच्या शोरूमला पंचवीस वर्षं होताहेत आणि मालकांनी दारासमोरची अख्खी भिंत माझ्या गळ्यात घातली आहे. तिच्यावर सुबारू कंपनीचा इतिहास लिहायचा आणि खाली जुन्या गाडीवाल्यांची मतं लावायची, फोटोसकट. इतकी वर्षं याच गाड्या विकतोय, पण इतिहास मलाच धड माहीत नव्हता. आता वाचायला बसलो की जेवणाचंही भान राहत नाही, असं तुझी भावजय म्हणते.

अगं, ही जपानी मंडळी मुळात विमानं करणारी. दुसरं महायुद्ध संपलं, विमानांवर बंदी आली आणि कारखान्याचे तुकडे झाले. मग पोटासाठी त्यांनी स्कूटर काढली आणि पहिल्या स्कूटरांना चक्क उरलेल्या बॉम्बफेकी विमानांची शेपटाकडची चाकं लावली. पुढे त्या तुकड्यांतल्या पाच कंपन्या एकत्र येऊन एक मोठी कंपनी झाली. मोटार करायची ठरल्यावर नावं मागवली, तर एकही पसंत पडेना. शेवटी प्रमुखांनीच आपल्या मनातलं नाव सांगितलं. सुबारू म्हणजे आपल्या कृत्तिका. तुझ्या गाडीच्या नाकावर एक मोठा आणि पाच लहान असे तारे आहेत ना, ते हेच. तू इतकी वर्षं त्यांना साडीवरची खडी म्हणत आलीस.

तर तुझं मत हवं. माझ्या ओळखीत इतकी जुनी सुबारू रोज डोंगर चढवणारी दुसरी कुणी नाही, आणि जनावरांची डॉक्टर तर नाहीच नाही. दोनच ओळी लिही, पण भिंतीवर लावण्यासारख्या लिही. आपली दोघं भावंडं, दादा आणि माई, मजेत आहेत. लोभ आहे तो वाढवावा आणि मत उशीर न करता पाठवावं.

तुझा
धाकटा


११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

भिंतीवर लावण्यासारखं माझं काही नसतं, तरी लिहिते. गाडी पेट्रोल पिते, आणि लाजत नाही. इंजिन आडवं निजलेलं, त्यामुळे प्लग बदलायचा म्हटलं की आमचा मेकॅनिकही आडवा होतो आणि माझ्या नावाने बोटं मोडतो. मागच्या सीटला वासरांचा वास लागला आहे, तो आता जाणार नाही. एवढं सोडलं तर तिने मला आजवर रस्त्यात उभं केलेलं नाही. दूध संघाची जीप पहिल्या बर्फाला खाली बसते, तेव्हा मी वरच्या वस्तीवर अडलेल्या गाईपाशी पोचलेली असते. चढावर तिची गुरगुर ऐकली की मला बरं वाटतं. हे माझं मत.

आणखी दोन मतं घे. खालच्या गावातल्या पोस्टमनबाईंकडे हीच गाडी, याच बनावटीची. त्या म्हणतात की नवऱ्यावर रोज चिडते, गाडीवर चिडायची वेळ आली नाही. हेडमास्तरांनी आपली विकून दुसऱ्या कंपनीची घेतली. ते नव्या गाडीबद्दल चांगलं बोलतात, पण माझी दिसली की थांबून तिच्या बॉनेटवरून हात फिरवतात आणि मग घड्याळ बघून निघून जातात.

आता तुझी भिंत जरा बाजूला ठेव. आमच्या दूध संघात नवीन इंजिनिअर आला आहे. बर्फ पडला की सगळ्या गाड्यांची परीक्षा, असा त्याने नियम काढला आहे. माझी एकवीस नोव्हेंबरला आहे. तो शेजारी बसणार, मी गाडी वरच्या वस्तीपर्यंत न्यायची, मधल्या उभ्या वळणावर थांबवायची आणि तिथून पुन्हा उचलायची. जमलं नाही तर वरच्या वस्तीचा माझा फेरा कायमचा बंद. लोकांनी जनावरं खाली आणायची आणि मी औषधभांडारात बसायचं. अडलेली गाय डोंगरावरून खाली कशी आणायची, ते त्या नियमात लिहिलेलं नाही.

गाडीची मला चिंता नाही, टायरची आहे. चारही अगदी गुळगुळीत झालेत. तुला म्हणून सांगते, मला भीती वाटते आहे. गोळ्यांच्या बरण्या पुसत निवृत्त व्हायला मी हे शिक्षण घेतलं नव्हतं. दादाला सांगू नकोस, तो लगेच भाषण देईल. भावजयीला आणि मुलांना गोड पापा.

तुझी
अक्का


१९ ऑक्टोबर

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

दादाला सांगितलं. भाषण झालं, पण या वेळी चांगलं झालं. आईच्या मागे अक्काने आपल्याला वाढवलं, आता तिच्या गाडीला आपण उभं करायचं, असं म्हणून त्याने रुमाल काढला. माईने तर शिवणयंत्र बंद केलं, म्हणजे मामला किती गंभीर होता बघ. ठरलं असं, की दादाने एक टायर पाठवायचा, माईने एक आणि मी एक. सगळे मीच घेतो म्हणालो, तर दोघं माझ्या अंगावर आली. चौथा तुझा, कारण भावंडं आपण चार आहोत आणि तुझा मान ठेवायला हवा, असं दादाचं म्हणणं. तेव्हा तू फक्त एक घे. बाकीचे मालगाडीने येतील.

तुझ्यासारख्यांचीच एक गोष्ट भिंतीसाठी सापडली. तिकडच्या एका वीज कंपनीला बर्फातल्या डोंगरांत तारा तपासायला माणसं पाठवावी लागायची आणि ती जीपमध्ये गारठून जायची. त्यांनी विचारलं, घरच्यासारखी उबदार पण चारही चाकांनी ओढणारी गाडी कराल का. त्यातून ही जात निघाली. म्हणजे तुझ्यासारख्या कामकरी माणसांनी मागितली म्हणून ती झाली, रुबाबासाठी नव्हे. मला हे वाचून उगाचच ऊर भरून आला. विकताना आता माझा आवाज जरा चढतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

भिऊ नकोस. आम्ही आहोत. लोभ आहेच, टायरही निघालेत.

तुझा
धाकटा


८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तिन्ही टायर पोचले. गोठ्यात भिंतीला ओळीने लावून ठेवलेत आणि मी समोर बादली पालथी घालून बसले आहे. हसावं की रडावं ते ठरत नाही.

दादाचा सगळ्यांत मोठा. त्याच्या ट्रकवाल्या मित्राने निवडलेला दिसतो. दरड कोसळली तर तिला अडवून धरेल, पण माझ्या चाकात बसणार नाही. माईच्या टायरला कडेने पांढरी रेघ आहे आणि तो मापाने बोटभर बारका आहे. तिला रेघ आवडली असणार, ती कापडही तसंच निवडते. तुझा मापाचा आहे, कोराकरकरीत. आणि चौथा माझा शहाणीचा. तुमचं पत्र मिळताच मी इथल्या दुकानातून अर्धा झिजलेला घेऊन ठेवला, तुम्हीही तसेच पाठवाल असं धरून चालले. चौघांपैकी एकानेही दुसऱ्याला माप विचारलं नाही. त्यातला एक याच गाड्या विकतो, हे मी पोस्टमनबाईंना सांगितलेलं नाही.

तुला ठाऊक आहे, पण दादाला समजावून सांग. या गाडीची चारही चाकं सतत एकत्र ओढतात. एक लहान, एक मोठं लावलं तर प्रत्येक जण आपल्या चालीने धावतो आणि मधल्यामध्ये गिअरबॉक्स चिरडतो. म्हणून टायर चारही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखेच झिजलेले लागतात. आपल्या चौघांना एका खोलीत कोंडलं की आईचं जे व्हायचं, तेच गाडीचं होईल.

असा गोंधळ फक्त आपल्याच घरात होऊ शकतो. पण खरं सांगू का, ते तीन टायर बघून मला अभिमान वाटला. कुणीही स्वस्तातला पाठवलेला नाही. दादाने तर आतल्या बाजूला खडूने माझं नाव लिहिलं आहे, सगळ्या पदव्यांसकट. वरच्या वस्तीवरचा एक शेतकरी औषधासाठी आला होता, त्याला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि परीक्षा कोणत्या दिवशी, एवढंच विचारून गेला.

काल पहिला बर्फ पडला. दिवस थोडे उरलेत. काळजी करू नकोस असं लिहीत नाही, कारण मीच करते आहे.

तुझी
अक्का


१३ नोव्हेंबर

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. दादा आणि माईला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. दादाचं म्हणणं, त्याचाच टायर बरोबर होता, बाकीच्यांनी त्याच्या मापाचे घ्यायला हवे होते. माई म्हणाली की दुकानदाराने रेघेसाठी तिला अर्धा तास पटवलं. चूक माझी आहे. सगळ्यांना सांगताना चांगला टायर घ्या एवढंच बोललो, आणि इतिहासाच्या नादात वर्तमान विसरलो.

एकसारखे चार टायर आजच रवाना केलेत, पण बर्फामुळे माल घाटाखालीच अडतो आहे आणि एकवीसच्या आत पोचेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी स्वतः निघत होतो, तर समारंभ याच आठवड्यात, मालक सोडत नाहीत. तू इंजिनिअरला तारीख पुढे ढकलायला सांगून बघ. आणि अक्का, गुळगुळीत टायरांवर हट्टाने चढू नकोस. औषधभांडारात बसलीस तरी आमची अक्का काही कमी होणार नाही. तुझ्या जिवापुढे आम्हाला कुठलाच फेरा मोठा नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ तेवढा कमी करू नये.

तुझा
धाकटा


२२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावले होते, आता नाही. तुझे चार टायर अजून घाटाखालीच आहेत. तारीख पुढे ढकलायला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ढकलली असती आणि वर्षभर मला ते बोचत राहिलं असतं.

परवा सकाळी पोस्टमनबाई माझ्या दारात आल्या, जॅक आणि पाना घेऊन. त्यांच्या गाडीचे चारही टायर एकाच दिवशी घेतलेले, सारखेच झिजलेले आणि हा हिवाळा सहज काढतील असे. ते त्यांनी काढून माझ्या गाडीला चढवले आणि स्वतःची गाडी विटांवर ठेवली. मी नको नको म्हणत होते, तर त्यांनी मला पाना धरायला लावलं. एक दिवसाचं टपाल माझ्या गाडीतून जाईल आणि त्याबरोबर त्याही येतील, एवढीच अट. म्हणून काल परीक्षेला माझ्या शेजारी इंजिनिअर, मागे पोस्टमनबाई आणि त्यांच्या मांडीवर वरच्या वस्तीची पत्रं.

मुलगा वाईट नाही. तरुण आहे, मांडीवर कागद लावलेली पाटी घेऊन बसला होता आणि वळणावर दाराची मूठ घट्ट धरत होता. उभ्या वळणावर त्याने थांबवायला सांगितलं. इंजिनही बंद करायला लावलं, जे ठरलेलं नव्हतं. मी हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली, हळू क्लच सोडला. चाकांनी एकदा बर्फ खरवडला आणि मग चारही चाकांनी एकदम जमीन धरली. गाडी नेहमीसारखी गुरगुरत वर निघाली. पोस्टमनबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. इंजिनिअरने पाटीवर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं.

तर शेवटच्या वळणावर रस्ता माणसांनी भरलेला. वरची वस्ती झाडून सगळी खाली उतरून आलेली. खांद्यावर दोर, हातात फावडी. एकाने बैलजोडीही आणली होती, आणि त्यातला डावीकडचा बैल माझ्याच हातून जन्मलेला, पाय आधी आलेला. मला काही कल्पना नव्हती, आईची शपथ. इंजिनिअरला वाटलं मीच त्यांना बोलावलं. तो लालबुंद होऊन उतरला आणि विचारू लागला, की हे कुणी सांगितलं. माझे टायर बघून गेलेला तो शेतकरी पुढे झाला. त्याने सांगितलं की सांगितलं कुणीच नाही, गाडी अडली तर डॉक्टरीणबाईंना येऊ देणार नाहीत असं कळलं, म्हणून आम्ही ओढून न्यायला आलो. इंजिनिअरने समजावलं की ओढून नेली तर ती परीक्षेत धरता येणार नाही. त्यावर तो म्हणाला, धरायची की नाही ते साहेबांनी बघावं, डॉक्टरला वर न्यायचं ते आम्ही बघतो.

शेवटी सगळ्यांना कडेला उभं केलं आणि गाडी त्यांच्या मधून आपली आपण वर गेली. काहींची तर निराशा झाली, इतक्या थंडीत दोर उगाच वाहून आणले म्हणून. मग सगळे दोर खांद्यावर टाकून गाडीच्या मागून चालत आले. मी आरशात बघत होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी रडत होते, धाकट्या. लपवत नाही.

वर पोचल्यावर इंजिनिअरने बॉनेटवर पाटी ठेवली आणि गाडी पास असं लिहिलं. वरचा फेरा चालू राहणार, तेही त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मग एकच रकाना राहिला होता, गाडीच्या मालकाचा. गाडी कुणाची, असं त्याने मान वर न करता विचारलं. मी माझं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून वस्तीवरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने सांगून टाकलं, की आमची आहे. त्याने वर बघितलं. कुणीच हसलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मीही काही दुरुस्त केलं नाही. मग त्याने त्या रकान्यात वस्तीचं नाव लिहिलं.

दादा आणि माईला हे वाचून दाखव, सावकाश. इथे तुम्हा तिघांवर आणि या माणसांवर माझा इतका लोभ साठला आहे की तो आणखी वाढवायला जागा राहिलेली नाही, आहे तेवढा सांभाळा.

तुझी
अक्का