शुकुरूचे बाबा

५ मे, सोमवार

मुलगा झाला. वजन सव्वातीन किलो. नर्स तीनच म्हणत होती. काट्याची सुई मी स्वतः वाकून पाहिली. नाव शुकुरू.

आता मी शुकुरूचे बाबा. आजवर अख्ख्या पांगानी गावात मी नुसता 'मिस्त्री'. समोरचा न्हावी शोमारी, ज्याच्या पाटीवर एक अक्षर गळालेलं आहे, तोसुद्धा अमक्याचे बाबा म्हणवून घेतो! मी रेडिओ आणि पंखे कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो. बापपणही तसंच शिकेन. फार गुंतागुंतीचं नसावं.

संकल्प: यापुढे 'मिस्त्री' म्हणणाऱ्याला ओ द्यायची नाही.

७ मे

बायको, हिदाया, बाळाला घेऊन घरी आली. चाळीस दिवस होईपर्यंत बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही. सासूबाई मुक्कामाला. घरभर मिरी घातलेल्या पेजेचा वास.

एक गोष्ट खटकते. सगळी गल्ली हिदायाला अजून 'तौसीची आई' म्हणते. तौसी तिच्या पहिल्या नवऱ्याची, सात वर्षांची. तो बिचारा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. पण आता घर माझं, मुलगा माझा. ओट्यावर उभा राहून मी जाहीर केलं: तौसीची आई आता नाही, आजपासून शुकुरूची आई म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, नाव म्हणजे काय मडक्यावरचं झाकण आहे, एक काढलं, दुसरं ठेवलं? त्या शाळेत गेलेल्या नाहीत. मीही नाही, पण माझं वाचन आहे.

तौसी दारात होती. तिने ऐकलं नसावं. पंख्याचा आवाज मोठा होता.

(नोंद अचूक असावी म्हणून: पंखा माझ्या टेबलावर खोलून पडला होता.)

१२ मे

शुकुरू रडतो. मी पद्धतशीर गेलो. आधी पुरवठा, म्हणजे दूध. मग जोडण्या, म्हणजे लंगोट. मग बाहेरून कुठे काही टोचतंय का. फॉल्ट सापडला नाही. तेवढ्यात हिदायाही रडायला लागली. कारण विचारलं. म्हणाली, कारण माहीत असतं तर तुमच्याकडे दुरुस्तीला टाकलं नसतं का? तेवीस वर्षांचं वय, अंगावर पाजणं, झोप नाही. तिला मदत म्हणून दूध पाजायचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. दुपारी सासूबाईंनी त्यात माशाचे काटे गुंडाळून टाकले.

मग तौसीने बाळाला खांद्यावर टाकलं, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणली, आणि तो गप्प झाला. योगायोग. मी तिथपर्यंत पोचतच होतो.

नंतर तिने टेबलाशी येऊन विचारलं, मिस्त्री, आई आता माझ्या नावाची नाही का? मी म्हटलं, तारेला डाग देतोय, हात हलेल, मग बोलू.

ती मला मिस्त्रीच म्हणते. लग्नानंतर एकदा गिऱ्हाइकांसमोर 'बाबा' म्हणाली होती. मी सांगितलं, दुकानात मिस्त्री म्हणायचं. तेव्हापासून घरातही तसंच. शिस्तीची पोर.

१६ मे

दुकानाची नवी पाटी रंगवली. 'शुकुरूचे बाबा. रेडिओ, पंखे, इस्त्री.' अक्षरं दोरी धरून एका रेषेत. शोमारीने हाक मारली, मिस्त्री, पाटी झकास! ओ दिली नाही. पाठोपाठ एका बाईनेही तशीच हाक मारली, दिली नाही. ती इस्त्री घेऊन दुसरीकडे गेली. तत्त्व म्हटलं की थोडं नुकसान आलंच.

तौसी जेवत नाही म्हणे. वाढीचं वय, असं होतं. उद्या तिला संत्री आणायची.

२० मे

संत्री राहिली. बाजारात चांगली नव्हती.

(होती. पिकूनही हिरवी राहणारी, रसाने जड. पण ती हातात देताना काहीतरी बोलावं लागलं असतं.)

२३ मे, शुक्रवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुठे आहे ते दिसेल.

सकाळी तौसी तळणवाल्या बी तातूकडे माहमरी, म्हणजे फुगीर गोड पुऱ्या, आणायला गेली. कढईत माहमरी तळता तळता बी तातूने विचारलं, तौसीची आई कशी आहे गं? तौसी म्हणाली, तौसीची आई आता नाही.

हिदाया कोंडलेली. बाळ झाल्यापासून गल्लीत तिला कुणी पाहिलेलंच नाही. बी तातूने कढई उतरवली आणि टाहो फोडला.

मला पत्ता नाही. नमाजानंतर दुकानात बसलो होतो. शोमारी आला, माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, धीर धरा. मला वाटलं, पाटीबद्दल बोलतोय. म्हटलं, धीर तर लागतोच, एकेका अक्षराला दोन-दोन हात दिलेत. तो म्हणाला, अल्लाची मर्जी. म्हटलं, ती तर आहेच, पण हात माझा! तो दोन पावलं मागे सरला.

घरी पोचलो तर ओट्यावर चटया. नदीपलीकडचे नातेवाईक नावेतून उतरल्यापासून रडतच आलेले. मशिदीतले म्हातारे विचारतायत, खड्ड्याला माणसं सांगितली का?

एवढ्यात दार उघडलं. हिदाया. बाळ छातीशी, डोक्यावरून गुंडाळलेलं कांग्याचं कापड अर्धं सुटलेलं. ओरडली, कोण मेलं?

बी तातू चटईसकट मागे पडली.

मग सगळे तौसीकडे वळले. ती म्हणाली, मी खोटं नाही बोलले. मिस्त्रींनीच सांगितलं होतं.

हिदाया उंबऱ्यावर बसली. एका मांडीवर बाळ होतं, दुसरीवर तौसीला ओढून घेतलं. म्हणाली, ही बघा तौसीची आई. नीट बघून घ्या सगळ्यांनी, आणि ज्याला दिसत नसेल त्याने चष्मा लावा. चष्मा तिथे मी एकटाच लावतो. नंतर सासूबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

माझी बाजू: घोषणा स्पष्ट होती. पुढे पोचवण्यात बिघाड झाला.

संध्याकाळी काम होईना. एकच स्क्रू चार वेळा उलटा फिरवला. एवढ्या बाया तिच्या आईसाठी ऊर बडवत होत्या आणि पोर भिंतीला टेकून कोरडी उभी होती. जणू तिला ही बातमी आधीच कळली होती, आणि तिला भेटायला मात्र कुणीच आलं नव्हतं.

मीही नाही.

२५ मे

पाटी खरवडली. नवी रंगवली. 'तौसीचे बाबा.' दार लावून, एका दमात. कुणाला काही सांगितलं नाही; तिने आपणहून वाचावी आणि धावत यावं, अशी योजना.

२६ मे

शाळेतून येताना ती पाटीखाली थांबली. मी आत पंखा पुसत होतो. (स्वच्छ होता.) बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, मिस्त्री, एक अक्षर राहिलंय.

बाहेर येऊन पाहिलं. 'तौचे बाबा'. मी, ज्याने शोमारीची पाटी गल्लीभर वाचून दाखवली!

रंग संपलेला. ती घरातून कोळसा घेऊन आली. स्टुलावर चढली, मी स्टूल धरलं. राहिलेलं अक्षर तिने मधे दाटीवाटीने बसवलं. वाकडं आलं. मला वाकडा स्क्रू चालत नाही. तसंच ठेवलं. पावसाने धुतलं जाईल. मग पुन्हा तिलाच बोलवावं लागेल. संत्रं दिलं, काय बोलावं ते ठरवलं होतं, पण म्हणालो, बिया गिळू नकोस. सोलून निम्मं तिने शुकुरूच्या आजीला दिलं. म्हणजे स्वतःच्याच आजीला. सवय जायला वेळ लागेल.

तिन्हीसांजेला रस्त्यापलीकडून शोमारीने हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आणि अगदी बिनचूक: अहो शुकुरूचे बाबा!

मी ओ दिली नाही. पाटीकडे बोट दाखवून वाट पाहिली. तो पुन्हा तेच ओरडला.

आतून तौसी म्हणाली, मिस्त्री, तुम्हाला बोलावतायत.

गेलो.