पेल्यावरचं नाव

पंचवटी, नाशिक
१० सप्टेंबर २०२५

ती. गोटीरामकाका यांना,
यशश्रीचा वाकून नमस्कार.

तुमचा फोन लागत नाही, आणि लागला तर रंगूकाकू उचलतात. परवाही त्यांनीच उचलला. म्हणाल्या, "ते वावरात हायेत, लाल कांदा लावायचा चाललाय." तेवढ्यात मागून तुमचा खोकला ऐकू आला. वावर बहुतेक घरातच आलेलं दिसतंय. असो, म्हणून हे पत्र. मशीन शॉपात तुम्हीच सांगायचात की काम असेल तर कागदावर द्या, तोंडी काही ऐकणार नाही. घ्या, कागदावर देते.

मायना नीट जमलाय का बघा. पत्राचा मायना चुकला तर माझे बाबा पुढचं वाचतच नाहीत. रामकुंडावर उपाध्येपण करताना यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या सांभाळून त्यांना ही सवय लागली आहे.

इकडे अंबडला कारखान्यात सगळं ठीक आहे. कँटीनमध्ये शुक्रवारची मिसळ अजून तशीच पाणचट असते. तुमचं भोकं घासून मापात आणायचं होनिंग मशीन सध्या ललित चालवतो. मशीन आपलं ऐकत नाही, असं तो म्हणतो. मी त्याला म्हटलं, काकांसारखं त्याच्याशी बोलून बघ. तर तो खरंच खाली वाकून काहीतरी पुटपुटला, आणि बाजूचे दोघं हसून बेजार झाले.

काल प्लॅनिंगमधल्या माझ्या जुन्या खुर्चीवर नवा माणूस आला. कंपनीच्या या शॉप-ऑफिस अदलाबदलीच्या योजनेत पुढचा नंबर त्याचा. त्याला माउस धरताना बघितलं आणि तुम्ही आठवलात. जानेवारीत तुम्ही तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलात तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही तो उचलून त्याचं वजन बघितलं होतं आणि विचारलं होतं, "याला तेलबिल काय लागतं का?" आणि त्याच योजनेत एप्रिलमध्ये मी तुमच्या शॉपात तपासणीला आले, तेव्हा तुम्ही माझ्या हातात गेज दिलंत. दोन टोकांचा तो दांडू. एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो. गो त्या आखूड नळीसारख्या बुशाच्या भोकात अलगद गेलं पाहिजे, नो-गो दारातच अडलं पाहिजे. मी जोर लावून आत ढकलायला लागले तर तुम्ही माझ्या हातावर चापटी मारली होती. तेवढ्या तीन महिन्यांत मी जे शिकले ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकले नव्हते. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही.

ललितने कळवलं असेलच, पोलंडच्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी जायच्या यादीत तुमच्या जागी आता माझं नाव आहे. वीस ऑक्टोबरला निघायचंय. आईने दोन स्वेटर आणलेत, दोन्ही घट्ट होतात.

तुमचा राजीनामा अजून ऑफिसात पडून आहे. नोटिशीची मुदत ३० तारखेला संपते म्हणतात. तुम्ही असं तडकाफडकी जायला नको होतं, असं शॉपात सगळ्यांना वाटतं.

तुमचा स्टीलचा पेला मशीनपाशी राहिला होता. तो मी माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. त्याच्याबद्दलच खरं तर लिहायचं होतं, पण आता पान संपत आलं.

काकूंना नमस्कार. खोकल्याला काही घेत जा.

आपली,
यशश्री


पंचवटी, नाशिक
१९ सप्टेंबर २०२५

ती. गोटीरामकाका यांना,
नमस्कार.

मागच्या पत्रात पान संपत आलं, असं मी लिहिलं होतं. पान संपलं नव्हतं. पाठीमागची बाजू पूर्ण कोरी होती, ती तुम्हाला दिसलीच असणार. मला धीर झाला नाही एवढंच. आज लिहिते, आणि मधे थांबत नाही.

मे महिन्यातला तो शुक्रवार. तुमचा पासपोर्ट यायचा होता आणि पोलिसांच्या पडताळणीसाठी तुम्ही रजा घेऊन येवल्याला गेला होतात. इकडे पोलंडचा कंटेनर दुपारपर्यंत भरायचा होता. बुशांचे चार ट्रे कमी पडत होते. तुमच्या मशीनशेजारी, भिंतीला लागून, चार ट्रे होते. चारींवर खडूने, तुमच्या अक्षरात, "गो" लिहिलेलं होतं.

मी वाचलं, गो. म्हणजे गेजचं गो टोक लावून झालंय, माल पास आहे. मला वाटलं काका जाता जाता तपासून गेले. काकांनी बघितलेला माल मी काय परत बघायचा? मी गेज हातात घेतलंच नाही. तपासणीची चार कार्डं भरली, चारींवर सह्या केल्या आणि ट्रे पाठवून दिले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जुलैत तिकडून तक्रार आली की बुश बसत नाहीत, भोकं बारीक आहेत, त्यांची लाइन दीड दिवस बंद पडली. मॅनेजर मयुरेशसरांनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी मला विचारलं की तपासणी कशी झाली, आणि मी म्हणाले, "ट्रेवर गो लिहिलेलं होतं सर, काकांच्या अक्षरात." यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त मी स्वतः गेज लावलं नव्हतं, हे मी म्हणाले नाही. सरांनी तुम्हाला विचारलं, "गो तुम्ही लिहिलंत?" तुम्ही म्हणालात, "हो, मीच लिवलं." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि पुढे काहीच बोलला नाहीत. त्या बघण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. मला वाटलं तुम्ही खजील झालात.

न तपासलेल्या मालावर पासची खूण केली, असं तुमच्या नावावर लागलं. पोलंडच्या यादीतून तुम्ही गेलात. मी नवीन, शिकाऊ, म्हणून मला नुसती समज मिळाली. आठवड्याने तुम्ही राजीनामा दिलात, आणि अदलाबदलीत दोन विभाग फिरून झालेली पुढची व्यक्ती म्हणून तुमच्या जागी मी लागले.

आता पेल्याचं. ऑगस्टच्या शेवटी एकदा कँटीनमध्ये पेले कमी पडले म्हणून मी तुमच्या पेल्यातून चहा घेतला. कडेला टोचून नाव घातलेलं आहे, रंगूकाकूंनी बाजारात घालून घेतलं असेल. गो. स. कोटमे. मी चहा पिता पिता ते वाचलं, आणि पेला खाली ठेवला. तशीच उठून ललितकडे गेले. त्याला विचारलं, ट्रेवर गो लिहितात त्याचा अर्थ काय. तो म्हणाला, "काय म्हंजे? गो म्हंजे काका. ल लिवलं का माझं. ज्याचं काम अर्धं ऱ्हायलंय त्यानं आपलं अक्षर टाकायचं, बाकीच्यानी हात लावायचा नाय. ह्ये तुम्हाला कोणी सांगितलं नाय व्हय?"

नाही सांगितलं. आणि मीही तीन महिन्यांत विचारलं नाही. शॉपात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती. भोकं बारीक राहिली होती म्हणून ते चार ट्रे तुम्ही बाजूला ठेवले होते, सोमवारी येऊन पुन्हा मशीनवर घेणार होतात. मी तुमचं नाव टिकमार्क समजून माल परदेशी धाडला.

चूक मे महिन्यातली होती, ती अजाणतेपणी झाली. पण काका, मला हे कळून आज तीन आठवडे होतील. तीन आठवडे मी गप्प होते. कारण सरळ आहे, मला पोलंडला जायचं होतं. आमच्या घरातलं आजवर कोणी रामकुंड सोडून कामासाठी समुद्रापार गेलेलं नाही. मी रोज ठरवायचे की उद्या सांगते, आणि रोज व्हिसाच्या कागदावर आणखी एक सही करून यायचे. तुम्ही येवल्याला तोंड लपवून बसलाय आणि मी इथे स्वेटर घालून बघतेय. मला माझी लाज वाटते.

परवा मी बाबांना सांगितलं. ते नामावळी पुसत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक पान उघडून दाखवलं. पणजोबांच्या हातचं. पूर्ण वहीत फक्त तिथेच, घाईत, यजमानाचं नाव न लिहिता नुसतं आद्याक्षर लिहिलंय. बाबा म्हणाले, "या घरातली माणसं चार वेळा येऊन गेली. दर वेळी मी त्यांना सांगतो, सापडत नाही. माणूस इथेच आहे, पण मला वाचता येत नाही." मग वही मिटून म्हणाले, "तुला तर वाचता आलं ना? मग बसलीयस कशाला?"

काल सकाळी मी मयुरेशसरांकडे गेले, तुमचा पेला घेऊन. आधी तोंडी सांगितलं, मग लेखी दिलं. सरांनी पेला फिरवून कडेचं नाव वाचलं. मग म्हणाले, "सहा वर्षं मी या माणसाला गोटीराम म्हणून हाक मारतोय." एवढंच. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर आता असं आहे. माझं नाव यादीतून गेलं. ते मीच काढून घेतलं, पण मी नसतं काढलं तरी सरांनी काढलंच असतं, तेव्हा यात माझा मोठेपणा काही नाही. तुमच्यावरचा ठपका लेखी मागे घेतलाय, त्याची प्रत सोबत जोडली आहे. पोलंडसाठी तुमचं नाव परत घातलंय. पण राजीनामा तुमचा तुम्हालाच मागे घ्यावा लागेल, स्वतः येऊन, ३० तारखेच्या आत. त्यानंतर कोणाच्याच हातात काही राहत नाही. फोनवर तुम्ही बोलणार नाही आणि मी तोंड घेऊन यायला धजत नाही, म्हणून हे पत्र मी कुरियरने पाठवते आहे.

मला माफ करा असं लिहिणार होते. ते मागायचं नंतर. आधी तुम्ही या.

शॉपात कालपासून फलक लागलाय की ट्रेवर पूर्ण नाव लिहायचं. ललित कुरकुरतोय, त्याचं आडनाव लांब आहे.

आजवर कार्डांवर मी नुसतं "य" करत आले. इथे तसं करत नाही.

यशश्री चिंतामण गायधनी


मळ्यातून, येवला
२४ सप्टेंबर २०२५

चि. यशश्रीस,
गोटीराम कोटमे याचा आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याची मागची बाजू मी पाहिली होती. कोरी होती तेव्हाच समजलो की अजून काही यायचं आहे.

तुझी काकू म्हणते, पोरीनं कबूल केलं, आता सोडून द्या. मी एवढा मोठा नाही. तू गेज लावलं नाहीस त्याचा राग आला नव्हता, नव्या माणसाचं होतं तसं. तीन आठवडे गप्प बसलीस त्याचा आलाय. तो थोडे दिवस राहील. खोटं कशाला लिहू?

केबिनमध्ये मी का बोललो नाही, ते तू विचारलं नाहीस. तरी सांगतो. साहेबांनी विचारलं, गो तुम्ही लिहिलं का. मी हो म्हटलं. एकतीस वर्षं तेच लिहितोय. मला वाटलं, आता दोघांपैकी कोणीतरी म्हणेल की अहो, हे तर यांचं नाव आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घातलीस. मग मला वाटलं, ज्यांना माझं नाव वाचता येत नाही त्यांच्यापुढं ते आपल्या तोंडानं काय सांगायचं? पोलंड गेलं त्याचं दुःख नंतर झालं. आधी हे झालं.

चूक माझीही आहे. नुसतं गो लिहून गेलो. खाली "अजून व्हायचंय" एवढं लिहायला खडू काही झिजला नसता. आमच्यात सगळ्यांना समजतं म्हणून आम्ही लिहीत नाही. आणि बाहेरचा माणूस आमच्यात आणून बसवला, तर त्याला सांगत नाही. तुमच्या ऑफिसात मला तो उंदीर तू बोट धरून शिकवला होतास.

कांदा लावून झाला. सोमवारी, २९ ला, पहिल्या गाडीनं येतो. राजीनाम्याचं साहेबांशी मी बघतो. पण माझी एक अट आहे, ती त्यांना आधीच सांगून ठेव. मी पोलंडला जाईस्तोवर तू रोज माझ्या मशीनवर उभं राहायचं. तपासणीला नाही, मशीनवर. भोक बारीक का राहतं ते हातानं कळलं पाहिजे. नंतर सहा महिने ललितच्या जोडीला तूच चालव. पुढच्या खेपेला जाशील तेव्हा काहीतरी शिकून जा.

पेला धुऊन ठेव. तो मी सोबत नेणार आहे. तिकडच्या लोकांनाही वाचू दे.

तुझ्या वडलांना माझा नमस्कार सांग. त्या एका आद्याक्षराचा माणूस सापडला तर मला कळव.

तुझा काका,
गोटीराम सहादू कोटमे

ता. क. सही आधी नुसती "गो" केली होती, मग पूर्ण नाव लिहिलं. नाहीतर तू ते पत्र तपासून झालंय समजून न वाचताच पुढं धाडलं असतंस.