पडद्याआडची खूण

कुरखेडा,
दि. ११ जानेवारी २००४

आदरणीय हेमराजभाऊ,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. तेरा वर्षांत हे तुमचं पहिलंच पत्र, त्यामुळे पाकीट फोडताना आधी वाटलं, कोणी गेलं-बिलं की काय. तसं काही नाही हे वाचून बरं वाटलं. वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे, हेही कळलं.

इकडे सगळं ठीक आहे. धानाचं चुरणं-मळणं आटोपलं. शाळेचं गॅदरिंगही झालं. मुलांकडून स्वागतगीत बसवून घेतलं, पण पेटीची अवस्था अशी की एक पट्टी दाबली की शेजारचीही बोलते. हेडमास्तरांना सांगितलं, तर म्हणतात, "बाई, दोन आवाज येते तं चांगलंच हाय ना. कोरस वाटते."

तुमच्या संगीत विद्यालयाचंही पत्र आलं आहे. यंदाच्या गायन स्पर्धेला बाहेरचे परीक्षक बोलवायचं ठरलं आणि त्यात माझं नाव आलं. पडद्याची पद्धत अजून तशीच आहे म्हणे. परीक्षक पडद्याआड, गाणारा समोर, नाव-गाव काही नाही, नुसता नंबर; माझा अकरा होता. "तोंड पाहून नाई, गळा आयकून गुण द्या," हे तुमचंच वाक्य. माझ्या वेळी तो पडदा म्हणजे वहिनींची निळी चादर होती. तिचा एक कोपरा सारखा सुटायचा आणि तबलजी पायाने दाबून धरायचा, आठवतं?

मी उत्तर टाळते आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तर येते मुद्द्यावर.

तुम्ही लिहिलंत की तुमची लेक पायल यंदा स्पर्धेला बसते आहे, म्हणून तुम्ही परीक्षक नाही. हे योग्यच केलंत. पण पुढे लिहिलंत की ती भीमपलासी गाणार आहे, आणि आलाप सुरू करण्याआधी थांबून थांबून दोनदा सा लावेल. "एवढ्यावरून तुला कळेल. जरा सांभाळून घे. आपलीच पोर आहे."

हे मी किती वेळा वाचलं, सांगत नाही. भाऊ, मीही आपलीच पोर होते.

मार्कंड्याच्या जत्रेत मला भजन म्हणताना ऐकलंत ते तुम्हीच. दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात, मायच्या मासळीच्या टोपलीपुढे उकिडवे बसून तिला म्हणालात, "गुणाबाई, हे पोर मले दे. इचा गळा वाया जाईन." आपल्या गावातून नदी सोडून गाण्याकडे गेलेला पहिला माणूस म्हणजे तुम्ही. मायला तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. तिने मला चंद्रपूरला तुमच्याकडे पाठवलं, आणि तुम्ही शिकवलंतही जीव लावून. ते मी कधीच नाकारणार नाही.

मी स्पर्धेला बसले त्या वर्षी तिघा परीक्षकांत तुम्ही एक होतात, आणि पहिल्या नंबराला नागपूरचं शिक्षण होतं, राहण्या-जेवणासकट. दुसऱ्याला एक कप. मला कप मिळाला.

संध्याकाळी तुमच्याकडे आले. वहिनींनी चहा टाकला होता. तुम्ही अगदी खुशीत होतात. म्हणालात, "तुह्या पह्यला सा आयकलो अन् ओळखलो. बाकीच्या दोघायनं तुले पह्यलाच नंबर देल्ला होता. मीच तुह्ये गुण कापले. काऊन का, उद्या लोकायनं म्हणू नाई, आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या पोरीले बक्षीस देल्लं म्हून."

मी विचारलं, "अन् गाणं?"

"गाणं तं तुह्यंच चांगलं होतं," तुम्ही म्हणालात. कौतुकाने म्हणालात, भाऊ. आपल्या हातून केवढी मोठी गोष्ट झाली, असा तुमचा चेहरा होता. आणि मी तुमच्या पाया पडले. का पडले, ते मला अजून समजलेलं नाही.

घरी गेले तर माय दारातच उभी. "मंग? चुकली का तू?"

तुमचं नाव कसं घेणार? मी म्हटलं, "हो माय, सूर चुकला."

नंतर ती सगळ्यांना तेच सांगायची. बाजारात मासळी विकताना कोणी विचारलं, की म्हणायची, "गात होती चांगली, पण टायमावर सूर चुकला माह्या पोरीचा." बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा. पाच वर्षांपूर्वी ती गेली, ती याच समजुतीत गेली. तुम्ही मला नागपूर नाही दिलं, ते मी कधीचं सोडलं होतं. वडशाच्या नाटक मंडळीत माईकवर ओरडून गळा बसवून घेतला, तोही राग माझ्यावरच काढला. विशारद रडतपडत उशिरा झाले. पण मायपुढे मला बेसूर ठरवलंत, हे काही केल्या गिळता येत नाही. तुम्ही फसवलंत मला. आणि आता ज्या लोकांच्या भीतीने माझे गुण कापलेत, ते लोक पायलच्या वेळी कुठे गेले?

तुमचं पत्र माझ्या यजमानांना, केवळरामांना, वाचून दाखवलं. ते भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "जाय तू. तिनं दोनदा सा लावला का तूबी गुण काप. फिट्टंफाट." मी हसले. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं सा लावत होती आणि माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. कोणाला कळलंही नसतं. पडदा असतोच ना मध्ये.

पायलला मी लहानपणी कडेवर घेतलं आहे, पण तिचं गाणं कधी ऐकलेलं नाही. पडद्याआडून ती माझ्यासाठी एक नंबर असती, बस. तुमच्या पत्राने तेही नासवलं. आता ती भीमपलासी गायला बसली, तर मला ती ऐकूच येणार नाही, तुम्हीच ऐकू याल. मग मी जास्त गुण दिले तरी खोटे आणि कमी दिले तरी खोटे. त्या पोरीने काय घोडं मारलं आहे कोणाचं?

म्हणून सांगते, राग बदला. अजून तीन आठवडे आहेत. तुमच्या शिकवणीत तेवढ्यात दुसरा राग उभा राहतो, मला माहीत आहे. कुठला, ते मला कळवू नका. ती दोनदा सा लावण्याची खूणही बंद करा, पोरीला सरळ गाऊ द्या. तिला कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मी येईन. पडद्याआड बसेन. तिच्या गाण्याचे जेवढे होतील तेवढे गुण देईन, एक जास्त नाही, एक कमी नाही. पहिली आली, तर तो नंबर तिचा. नाही आली, तर निदान घरी जाऊन तिला तिच्या मायशी खोटं बोलावं लागणार नाही.

आणि त्या दिवशी थांबून थांबून दोनदा सा कानावर आला, तर मी पेन खाली ठेवून पडद्याबाहेर येईन. का आले, असं कोणी विचारलं, तर सगळं सांगेन.

वहिनींची ती निळी चादर अजून असेल, तर तीच लावा. कोपरा मात्र या वेळी नीट बांधून घ्या.

तुमच्याच गावची,
नंबर अकरा
(रंजीता)