जावईबापूंचं अपग्रेड

४ फेब्रुवारी

जावईबापूंनी आज पुन्हा पाटी लावली. "या सिस्टिमला यापुढे सुरक्षा मिळणार नाही. आता अपग्रेड करायचं?" अर्धा पडदा भरून. मी नेहमीचं बटण दाबलं – नंतर आठवण करा.

जावईबापू म्हणजे टीव्हीखालचा कॉम्प्युटर. हिने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. सिनेमे, गाणी, स्पीकर, सगळं त्याच्यावर. आम्हाला मूलबाळ नाही. ही म्हणायची, "मुलगी नसली म्हणून काय झालं, लाड करून घ्यायला जावई आहे की घरात." डबिंग स्टुडिओत आवाज जुळवण्यात हिची सगळी नोकरी गेली, त्यामुळे घरातही कुठल्या स्पीकरने किती बोलायचं ते हीच ठरवणार. मला परवानगी फक्त धूळ पुसायची.

ऑगस्टमध्ये हिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. अक्षरं गेली, वाचता-लिहिता येईना. बोलण्यातला एकच शब्द उरला – नको.

म्हणून विचारलं, "अपग्रेड करू का गं?"

"नको."

पण चहालाही नको म्हणते आणि कप पुढे ओढते. माणसाने समजायचं काय?

५ फेब्रुवारी

नंतर आठवण करा.

८ फेब्रुवारी

मेहुणा येऊन गेला. एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे आमच्याकडे त्याचा शब्द शेवटचा. निदान त्याला तसं वाटतं.

"भाऊजी, किती दिवस टाळणार? उद्या व्हायरस शिरला म्हणजे?"

"तिचं यंत्र आहे. ती नको म्हणाली."

"ताई सगळ्यालाच नको म्हणते."

खरंय. पण ती समोरच बसलेली होती. तिच्यादेखत असं बोलायचं? मी काही म्हणायच्या आत हिने डाव्या हाताने रिमोट उचलला आणि आवाज इतका वाढवला, की पुढचं त्याचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही. मला हसू आवरेना.

११ फेब्रुवारी

स्पीच थेरपिस्ट बाई आल्या होत्या. अक्षरांची कार्डं मांडली. ही त्यांच्याकडे मुंग्यांच्या रांगेकडे बघावं तशी बघते. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतो. 'खालची ओळ दिसते का? आणि तिच्या खालची?' घरी आलो की तोंड शिवल्यासारखं होतं. हिला दिसतं सगळं, लागत मात्र काही नाही.

बाईंना अपग्रेडचा घोळ सांगितला. म्हणाल्या, "त्यांचा नको नीट ऐका, काका. सगळे सारखे नसतात."

मग ऐकत बसलो. चहाचा नको लांबलचक, शेवटी वर जाणारा. औषधाचा नको नाकातून. माझ्या नव्या शर्टाचा नको तर चक्क दयेचा. आणि जावईबापूंचा? तोडून टाकलेला. दाराला खिट्टी घालावी तसा.

म्हणजे खरंच नको. ठरलं. करायचं नाही.

१४ फेब्रुवारी

ठरलं म्हणून चालत नाही. आज हिचे सिनेमे लागेनात. "हा कार्यक्रम जुन्या सिस्टिमवर चालणार नाही." झालं!

हे साधं नाही. बाईंनी सांगितलंय, पाठ असलेले सिनेमे रोज बघू द्या. ही संवादांबरोबर ओठ हलवते. आवाज येत नाही, पण ओठ बरोबर वेळेवर. ते बघायला मी दुकानातून पाय उचलत घरी येतो. आज काळ्या पडद्यासमोर बसून होती. मी शेजारी बसलो आणि आठवतील तसे संवाद म्हणून दाखवले. हिने कपाळाला हात लावला. डावा, पण अगदी पूर्वीसारखा.

मेहुण्याला फोन केला. नाक मुठीत धरून.

१७ फेब्रुवारी

आज सुट्टी. मेहुणा पेनड्राइव्ह घेऊन हजर. बाह्या वर सारून जावईबापूंसमोर मांडी घातली.

"नको," ही म्हणाली. तोच. खिट्टीवाला.

"अगं ताई, काही होत नाही."

"थांब," मी म्हणालो. "तिला नकोय."

"भाऊजी, तुम्हीच बोलावलंत ना मला?"

"बोलावलं. पण आता थांब."

तो चिडला. मग बसा जुनं कवटाळून, वगैरे. चूक त्याची नव्हती. मलाही कळत नव्हतं मी कुणाच्या बाजूने आहे. आणि तेवढ्यात ही उठली. काठी घेतली, कपाटापाशी गेली, खाली वाकली. मी धावलो तर डोळे वटारले. खालच्या खणातून वायरींचा गुंता उपसला, त्यातून एक काळी हार्ड डिस्क काढली, पोटाशी धरून परत आली आणि भावाच्या मांडीवर टाकली.

"आधी," म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"आधी," पुन्हा. डिस्ककडे बोट. मग कॉम्प्युटरकडे.

आधी सगळ्याची प्रत काढून ठेव, मग काय करायचं ते कर. इतकंच सांगत होती बिचारी, इतके दिवस. अपग्रेडला विरोध नव्हताच. आम्ही ज्या वेंधळेपणाने करायला निघालो होतो, त्याला होता.

मेहुण्याने मान खाली घालून वायर जोडली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ.

१८ फेब्रुवारी

प्रत झाली. अपग्रेड झालं. ही उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी समोर बसून.

सिनेमे लागले, पण हिने जुळवलेला आवाज पुसला गेला होता. माणसं पिंपात बसून बोलत असल्यासारखी. मेहुणा म्हणाला, "मला तर ठीक वाटतंय." हिने त्याच्याकडे जे पाहिलं, त्याला शब्द लागत नाहीत. माउस डाव्या हातात घेतला आणि पडद्यावरच्या पट्ट्या एकेक सरकवत गेली. नावं वाचता येत नाहीत, पण कानाला वाचावं कुठे लागतं? ऐकायची, सरकवायची, मान हलवायची. दुपार सरली तेव्हा संवाद लख्ख झाले. मग मागे टेकली. दमली होती. साहेबीण दिसत होती.

२१ फेब्रुवारी

आता घरात दोन शब्द झालेत. "जेवतेस का?" "आधी." आधी काय, ते मी शोधायचं. आज आधी खिडकी उघडायची होती. काल आधी माझी दाढी.

१ मार्च

दुकानातून आलो तर टीव्ही पासवर्ड मागतोय. मेहुण्याला फोन लावला – "हे काय नवीन करून ठेवलंस?"

"मी नाही ठेवला, भाऊजी. कुणीतरी घरातूनच ठेवला असणार. आणि तो दोनदा टाईप करावा लागतो, दोन्ही वेळा अक्षर न् अक्षर तेच. नाहीतर घेत नाही."

फोन ठेवला. ही खिडकीबाहेर बघत होती, अगदी साळसूदपणे.

काय ठेवलाय, ते अजून मला सांगितलेलं नाही.