गुळाच्या डब्याशेजारची काथ्याची वीट

अहो,

आण्णांना रिक्षातून दवाखान्यात नेतेय. तुमचा फोन लागत नाही.

अँथुरियमच्या कुंड्यांत मातीऐवजी घालायची ती काथ्याच्या भुशाची वीट मी फोडली आणि एक खडा गुळाच्या डब्याशेजारी राहिला. कडू गोळीनंतर आण्णांनी गूळ समजून तोच तोंडात टाकला. "ह्यो कसला गूळ गं पोरी, निस्ता भुसा हाय की!" म्हणाले, तरी गिळला. ठसका लागला, म्हणून तांब्याभर पाणी पाजलं.

पाणी. मीच पाजलं.

आता पोट धरून बसलेत, वर म्हणतात, "कायबी न्हाय झालं."

विटेचं वेष्टन गच्चीवर आहे. डॉक्टरांना दाखवायला घेऊन या.

तेवढाच दुसरा खडा सकाळी वाटीत भिजवला होता. ओट्यावरची ती वाटी फुगलेल्या भुशाने भरून सांडलीय. तुम्ही बघू नका.

भैरवी