हल्याळच्या दुकानाची खरेदी

मामंजी, आज मी फार खुशीत आहे, आणि तुम्ही असता तर तुम्हाला ती खुशी मुळीच सोसली नसती, म्हणून मुद्दाम तुम्हालाच लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं येतंय ते चालवून घ्या. चौथीपर्यंत शिकलेली सून केली म्हणून तुम्ही चारचौघांत हसायचात, आमच्या सूनबाईला बारदानावरचं नाव वाचता येतं म्हणायचात. तर त्याच सूनबाईची नात आता हुबळीच्या दुकानात तुमच्या गादीवर बसते. गादी म्हणजे गादी नाही राहिली, फिरती खुर्ची आहे. चहाच्या पेट्या आता अमरगोळच्या गोदामात उतरतात, आणि ही पोरगी पँट घालून तिथे हमालांशी कन्नडात भांडून येते आणि वर मला सांगते, अज्जी, आज जिंकले. मला तर तिची दृष्टच काढावीशी वाटते.

तिने दुकानात नवीन कंप्युटरची पद्धत आणली आहे. गेले काही दिवस जेवण झालं की ती मला शेजारी बसवून घेते, कारण जुनी गिऱ्हाइकं कोण कुणाची ते मला ठाऊक. तुम्हाला कळेल असं सांगते. त्या मशीनमध्ये प्रत्येक चहाची एक खरेदी लिहिलेली असते, म्हणजे आपल्याला तो कितीला पडला ते, आणि त्यावर नफा चढवून मशीन आपलं आपण बिल करतं. पण रायापूरकडच्या त्या मोठ्या कँटीनला चहाच्या कंपनीनेच खास भाव ठरवून दिलाय. तेवढ्या गिऱ्हाइकापुरता माल आपल्याला स्वस्त पडतो. ते मशीनला सांगितलं नाही तर कँटीनच्या बिलावर ते तांबड्या अक्षरात तोटा तोटा म्हणून ओरडतं. म्हणून मग गिऱ्हाईक निवडायचं, चहा निवडायचा आणि त्या गिऱ्हाइकापुरती वेगळी खरेदी लिहायची, कधीपासून कधीपर्यंत तेही घालायचं. मी म्हटलं, अगं, एकाच मालाची माणसागणिक वेगळी खरेदी, हे तर आमचे मामंजी तोंडाने करायचे! ती हसली. तिला वाटलं मी तुमचं कौतुक करतेय.

मग काल मशीनवर हल्याळचं दुकान निघालं. माझ्या माहेरचं. पोरगी थबकली. "अज्जी, यांना आपण नफा न लावता खरेदीच्या भावात देतो ना?" मी म्हटलं, तसं म्हणतात खरं. "मग यांची खरेदी इतरांपेक्षा वर कशी? वेगळी खरेदी घालतात ती कमी असते म्हणून. जुन्या प्रोग्रॅममधून चुकून आली असेल." चुकून! मामंजी, मी इतकी हसले की मला ठसका लागला, आणि ती बिचारी पाण्याला धावली.

चूक कसली. माझ्या लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा माल घ्यायला आले तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. सकाळी कंपनीचा माणूस आला होता, मी उप्पिट द्यायला पुढे आले तेव्हा तुम्ही त्याच्याशी भावावरून घासाघीस करत होतात, शेवटी ठरला तो भाव मी कानाने ऐकला. दुपारी वडील आले. दोन रिकाम्या पिशव्या, डोक्यावर धुतलेली टोपी. मला मूल झालं नव्हतं म्हणून लेकीच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना चालायचं नाही, ते आपले दुकानाच्या पायरीपाशी अवघडून बसलेत. आणि तुम्ही तागडीवर हात ठेवता आणि म्हणता, "सोयऱ्यांकडून नफा घेऊन मला कुठे फेडायचंय? आमच्या खरेदीत घेऊन जा." आणि सकाळच्या भावावर चांगला घसघशीत चढवून भाव सांगता. इतर दुकानदारांना लावायचात त्याच्याही वर. माझे वडील उभं राहून तुम्हाला हात जोडतात. मी आतल्या दारात. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता, मी सगळं ऐकलंय हे तुम्हाला कळतं, आणि अगदी गोड आवाजात म्हणता, "सूनबाई, आत दूध उतू जातंय वाटतं." चुलीवर दूधच नव्हतं मामंजी. मी तरी आत गेले आणि थंड चुलीसमोर उभी राहिले.

कंपनीने भाव वाढवला की तुम्ही हल्याळचा आणखी वाढवायचात. तुमच्यामागे यांनी तेच चालवलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, अप्पांची पद्धत आहे, मला काय कळतंय. मुनीमाने ती पद्धत जशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये चढवली. वडील गेले, भाऊ गेला, आता भाचा तिथे दुकानात बसतो, तरी तुमचा हात आपला तागडीवर आहे तो आहेच.

काल तो हात मी उचलला. नातीला म्हटलं, काढ ती खरेदी, खरी घाल. मला एवढा जोर चढला की म्हटलं, खरी कशाला, कँटीनची घाल! तर ती म्हणते, "अय्यो अज्जी, तसं चालत नाही. कंपनी ती फक्त कँटीनपुरती देते." बघा, तुमच्या रक्तातली असून अशी निघाली. तिने जुना आकडा पुसला, खरा घातला, कालची तारीख टाकली आणि बटण मला दाबायला दिलं. मी दाबलं. तुमच्या वर्षश्राद्धाच्या पुरणपोळीलासुद्धा इतकी गोडी नव्हती.

आता पुढचं ऐका. आज भाच्याला फोन लावला, नातीने तो मोठ्या आवाजावर ठेवला. मी म्हटलं, बाळा, तुझा भाव उतरवलाय. तर तो घाबरलाच. "नको आत्या, असं करू नका. खरेदीच्या खाली माल देऊन तुम्ही तोट्यात जाल."

"अरे, खाली नाही, आमची खरेदीच एवढी आहे."

"तुमची माया मला कळते हो. पण आजोबा सांगून गेलेत, हुबळीच्या घराने आपल्याकडून एक पैचा नफा घेतला नाही, त्यांना कधी खड्ड्यात घालू नका. मी जुन्याच भावाने देणार, तुम्ही काही बोलू नका."

इतकी वर्षं या दुकानातून हल्याळला खरी खरेदी कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली तर पोरगा विश्वास ठेवीना! तुमची सगळी लबाडी माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. पण सांगितलं असतं तर माझे वडील त्याच्या नजरेत भोळसट ठरले असते, आयुष्यभर ठकवणाऱ्याला हात जोडणारे. मी म्हटलं, "अरे, कंपनीनेच भाव पाडलाय, सगळ्यांनाच." तेव्हा कुठे तो म्हणाला, "असं होय, मग ठीक. तुमच्या मामंजींसारखी माणसं आता कुठे मिळतात, आत्या?"

फोन ठेवला. नात म्हणाली, "कंपनीने कधी पाडला?" मी म्हटलं, तू तुझं पुढचं गिऱ्हाईक बघ.

तर असं आहे मामंजी. भाव उतरला, पण हल्याळात तुमचं नाव तसंच राहिलं, आणि ते मी राखलं. वडिलांसाठी राखलं असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय, आणि ते खरंही आहे. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. तो पोरगा हुबळीचं घर, हुबळीचं घर म्हणत होता ना, तेव्हा तुमच्यावर इतकी जळत असूनसुद्धा मला मेलीला अभिमान वाटला.