भिंतीवरचे प्रमाणपत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय, हेवोल.

विषय : 'समावेशक वर्ग सक्षम शिक्षक' हे प्रमाणपत्र परत घेणे व दहा दिवसांची बिनपगारी रजा मिळणे.
संदर्भ : आपले दि. २ जूनचे पत्र.

महोदय,

मी, ग्वाक सन-जू, सोलबात प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात एकवीस मुले आहेत. त्यांतली टाक येरिन स्वमग्न आहे. कर्कश आवाज तिला सोसत नाही, एवढेच मला मार्चमध्ये कळवण्यात आले होते.

१. एप्रिलमध्ये आपल्या सभागृहात आम्हा दोनशे शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. व्याख्याते तीन तास पडद्यावरचा मजकूर वाचत होते. मूल कान झाकून बाकाखाली शिरले तर काय करायचे, असे मी उभी राहून विचारले. "प्रश्न शेवटी घेऊ, बाई," असे उत्तर मिळाले. शेवटी फोटो काढला, किंबापचे, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचे, डबे वाटले आणि प्रमाणपत्रे दिली.

२. दि. १९ मे रोजी आगीच्या सरावाचा भोंगा वाजला आणि येरिन बाकाखाली गेली. आपल्या पुस्तिकेत 'विद्यार्थ्यास सुरक्षित स्थळी हलवावे' एवढेच छापलेले आहे. मी तिला हाताला धरून ओढले. ती किंचाळली, मला चावली. तरी मी हात सोडला नाही. तिचे मनगट सुजले. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही. घरीही बोलत नाही.

३. तिची आई, श्रीमती ब्योन, शाळेत आल्या. आवाज चढवला नाही. माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघून म्हणाल्या, "हे लावलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते, बाई." मला स्वतःची किळस आली. आपल्या कार्यालयाचीही आली, हे लपवत नाही.

४. प्रमाणपत्र रद्द करण्याची विनंती मी केली. तशी तरतूद नाही, मात्र तक्रार झाल्याने तेच प्रशिक्षण संगणकावर पुन्हा घ्यावे, असे आपण कळवलेत. चित्रफीत सुरू करून मी भात लावला, कपडे वाळत घातले. परत येऊन पाहते तो 'अभिनंदन, श्रेणी उत्कृष्ट' आणि दुसरे प्रमाणपत्र तयार. त्या श्रेणीमुळे जुलैच्या तुकडीपुढे 'यशस्वी शिक्षिका' म्हणून माझे भाषण ठरले आहे. काल आपले लिपिक फोनवर म्हणाले, "वीस मिनिटं अनुभव सांगा. फक्त ते मनगटाचं तेवढं वगळा."

फोन ठेवला आणि मला ओकारी आली. हे अलंकारिक लिहीत नाही.

५. त्याच संध्याकाळी मी श्रीमती ब्योन यांच्या नूडल्सच्या दुकानात गेले व माफी मागितली. त्या कणीक तिंबत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला ओढायचं नसतं. आपणही खाली बसायचं, तिच्याकडे पाठ करून, गप्प. ती पाठीला टेकली की उठायचं."

"आणि खरीच आग लागली तर?" मी विचारले.

त्यांचे हात थांबले. "ते मलाही कुणी शिकवलं नाही, बाई. या, दोघी मिळून शोधू."

येरिनने दुकानामागच्या घराच्या दाराआडून मला पाहिले आणि ती आत निघून गेली.

तरी दि. १५ जूनपासून दहा दिवस येरिनच्या घरी जाण्यासाठी रजा मंजूर व्हावी. नामंजूर झाल्यास मला विनापरवानगी गैरहजर धरावे. मी जाणारच आहे. जुलैतही येईन, पण काहीही वगळणार नाही.

कळावे, एवढेही आपल्याकडून झाले तरी पुरे.

ग्वाक सन-जू
दि. ११ जून

सोबत : मूळ प्रमाणपत्रे, दोन.